गुरुवारची उपासना

९ फेब्रुवारी, सोमवार
तळवड्याची गुरुवारची उपासना बंद! चर्चच्या पंचकमिटीचे सचिव शेखर यांनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. कारण विचारलं. "लेखी अर्ज आलाय, भाऊ. नावं विचारू नका."

सहा वर्षं चालवली. या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, रविवारी शिफ्ट. मग या लोकांनी उपासनेला यायचं कधी? म्हणून मी रावेतहून जाऊन हॉल उघडायचो, उपदेश करायचो. पंचकमिटीला ते कधीच पटलं नाही. अर्ज म्हणे! यांनीच कुणाकडून तरी लिहून घेतला असणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे प्रार्थनेला बसलो. ठरवलं होतं – मन फक्त प्रभूवर. पाच मिनिटांत शेखरला उत्तर लिहून झालं, मनातल्या मनात, मथळ्यासकट. तीस वर्षांची बातमीदारी, सवय जात नाही. विजयश्री चहा घेऊन आली. "डोळे मिटून कुणाशी भांडताय?"

बायको म्हणून सोडून दिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
कुठेच गेलो नाही. पवित्र शास्त्र उघडलं. एकच ओळ चारदा वाचली.

१५ फेब्रुवारी, रविवार
मोठ्या चर्चमध्ये गेलो. आज प्रभुभोजन होतं. मनात कुणाविषयी अढी असेल तर भाकर घ्यायची नाही, ताट पुढे द्यायचं – हे गुरुवारच्या मंडळींना मीच शिकवलं. शेखर पलीकडच्या बाकावर. ताट आलं, मी पुढे दिलं. शेजारच्यांनी वळून पाहिलं.

खरं लिहायचं तर, शेखरने ते पाहावं एवढीच माझी इच्छा होती. त्याने पाहिलं. बरं वाटलं! प्रभुभोजनाच्या वेळी!

१७ फेब्रुवारी, मंगळवार
चाकणला अंबुबाईंकडे गेलो. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात, गुरुवार कधी चुकवला नाही. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी सह्या द्या, आपण पंचकमिटीकडे जाऊ.

त्या म्हणाल्या, "सह्या दिल्यात, भाऊ. बंद करा म्हणून. आमीच."

"का?"

"आठवड्याला एक सुट्टी. देवाचं ऐकाया येतो. तुमी तासभर शेखरभाऊंचं गाऱ्हाणं सांगता. त्यांनी पंखा दिला न्हाई, पत्राला उत्तर दिलं न्हाई... प्रभूचं नाव शेवटाला, आमेनपुरतं."

त्यांचा जावई ज्ञानेश, फोर्कलिफ्ट चालवतो, जेवता जेवता हसला. "मामींनी शेवटच्या गुरुवारी मोजलं, भाऊ. शेखर अकरा वेळा, येशू दोनदा."

"गप रे तू!" अंबुबाई म्हणाल्या. पण आकडा खोटा आहे असं काही म्हणाल्या नाहीत.

चहा न घेता उठलो. परतताना चाकण चौकात तासभर ट्रकमागे अडकलो. प्रार्थना सुचली नाही. अंबुबाईंना द्यायचं उत्तर सुचलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. अर्ज विजयश्रीने लिहून दिला होता. विचारलं, तर कणीक मळता मळता "हो" म्हणाली. "तोंडाने दोन वर्षं सांगितलं. ऐकलंत?" उद्या गुरुवार, सकाळी दहाला अंबुबाईंच्या घरी प्रार्थना. ज्ञानेश शास्त्र वाचणार, ही जाणार. मी आलो तर चालेल, पण बोलायचं नाही – असा निरोप आहे.