बिनतेलाची बिजागरी

प्रिय धाकट्या,

संशोधन संस्थेतल्या माकडघराच्या पिंजऱ्यांना मी जी दुहेरी कडी बसवली, तिचं बिल पाहून तू हसला होतास. एवढ्याशा लोखंडाला एवढे पैसे, दादा, असं म्हणाला होतास. तिची खरी किंमत आज सांगतो. नऊ नमुने, डाव्या अंगठ्याचं एक नख आणि अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. नमुने भंगारात गेले, नख परत आलं. गोळ्यांचं मात्र तुला कधी बोललो नाही. तुलाच काय, कुणालाच नाही.

आधी घरची खबर. नात तीन महिन्यांची झाली. मूठ अशी आवळते, की माझा चष्मा सोडवायला दोन माणसं लागतात. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. कारखान्यात आता चौदा माणसं आहेत. सातवीत शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात झाडू मारणाऱ्या पोराला हे पुष्कळ झालं. अजूनही डोळे मिटून सांगतो, कुठल्या यंत्राचं बेअरिंग जाणार आहे ते. पोरं पैजा लावतात आणि हरतात. माझ्या कानांची तुम्ही सगळ्यांनी थट्टा केलीत, पण या घरात सुई पडली तरी मला ऐकू येते, हे लिहून ठेव.

माकडघराचं काम तुला वरवर ठाऊक आहे. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला कडक, पण माकडाला सुई टोचायच्या आधी स्वतःचे हात चोळून गरम करणाऱ्या. माणसाची प्रतिकारशक्ती पोखरणारा जो विषाणू आहे, त्याचा माकडांतला चुलतभाऊ त्या अभ्यासत होत्या. हा विषाणू अंगात शिरला की आधी उसळतो आणि काही आठवड्यांनी बराचसा खाली बसतो. त्याला बसवतं कोण, यावर शास्त्रज्ञांचं भांडण होतं. लढाऊ पेशी बसवतात हे ठाऊक होतं. अँटिबॉडींचा त्यात वाटा किती, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगेना. मग बाईंनी सोपी युक्ती केली. घर कोण चालवत होतं हे बायको माहेरी गेल्यावरच कळतं ना, तसं. काही माकडांच्या अंगातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी त्यांनी औषध देऊन थोड्या आठवड्यांपुरत्या हटवल्या.

तर त्या माकडांत विषाणू लवकर खाली बसेना. पुढे ज्यांच्या अंगात अँटिबॉडी परत आल्या, त्यांच्या रक्तातल्या विषाणूचा आकडा उतरत गेला. दोघांच्या आल्याच नाहीत. त्यांचे पिंजरे माझ्याकडे रंगवायला आले तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्यांत उशिरा पण सगळ्यांत चांगला आकडा उतरला तो एका थोराड माकडिणीचा. तिला सगळे म्हातारी म्हणत. मी बाईंना म्हटलं, म्हणजे अँटिबॉडी जिंकल्या. त्या म्हणाल्या, जिंकत कुणी नाही. विषाणू रूप बदलतो, अँटिबॉडी मागून धावतात. तुमच्या कडीसारखंच आहे हे. म्हातारी ती तीन आठवड्यांत उघडायला शिकते, मग तुम्ही नवी करून आणता. पण कडी होती म्हणून तीन आठवडे दार बंद राहिलं, हे कसं विसरायचं?

नववी कडी बसवताना म्हातारीने माझा अंगठा धरला. चावली म्हणणार नाही, माझ्या कारागिरीवर मत दिलं तिने. बाईंनी जखम पाव तास पाण्याखाली धरून ठेवली आणि कपाटातून गोळ्यांची बाटली काढली. म्हणाल्या, माकडांचा विषाणू माणसात सहसा टिकत नाही, पण 'सहसा' या शब्दावर मी कुणाला घरी पाठवत नाही. अठ्ठावीस दिवस, रोज सकाळी. या गोळ्या माणसांच्या विषाणूवरच्याच, माकडांच्या विषाणूलाही त्या दाबून ठेवतात.

त्या बाटलीचं झाकण दाबून मग फिरवायचं असतं. कडी-कोयंड्यात आयुष्य गेलेला माणूस मी. आधी एक बोथट 'टक', मग तीन दाते सरकल्याचा आवाज, हे माझ्या कानात कायमचं बसलं. ते अठ्ठावीस दिवस मी टॉवेल वेगळा ठेवला, पेला वेगळा ठेवला. लेक परीक्षेचा पेपर चांगला गेला म्हणून उड्या मारत आली, तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि मागे घेतला. बाईंनी चारदा समजावलं होतं, की स्पर्शाने काही होत नाही. पण हात डॉक्टरांचं ऐकत नाहीत.

पुढे काही झालं नाही. सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात तू आठवडाभर राहायला आलास. सकाळी चहा झाल्यावर तू खोलीत गेलास आणि मला आवाज आला. टक, आणि तीन दाते.

होय रे. तेव्हापासून मला माहीत आहे. तुझ्या खोलीच्या खिडकीचा अडसर बदलायला गेलो तेव्हा बॅगेत बाटलीही दिसली, तिच्यावर माझ्याच गोळ्यांचं नाव होतं. दहा वर्षं झाली. तू मोकळेपणाने बोलशील त्या दिवसाची वाट पाहत गप्प राहिलो. तू आलास की तुझ्यापुढे उगाच विनोद करत राहिलो, तुझ्या तब्येतीचा विषय निघाला की तो क्रिकेटवर नेला. मला वाटायचं, केवढं मोठं मन आहे माझं. तू आणि मी सोडून हे कुणालाही ठाऊक नाही, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक नाही.

आता माझ्या एका चुकीची गोष्ट ऐक. माकडघराचं आतलं दार फार कुरकुरायचं. नवीन आलेल्या व्यवस्थापकांना ते सहन होईना. मी म्हटलं, हे आपलं फुकटात. बिजागऱ्या उतरवल्या, घासल्या, असं तेल घातलं की दार लोण्यासारखं फिरू लागलं. दोन आठवड्यांत बाईंचा फोन आला. माकडं खात नव्हती. अंगावरचे केस उपटत होती, कुणी आत आलं की कोपऱ्यात चढून दात दाखवत होती. रक्तातले आकडेही डळमळायला लागले होते, कारण भीती रक्तात उतरते. खाणं तपासलं, हवा तपासली, दिवे तपासले. मी एक अख्खी सकाळ स्टुलावर बसून ऐकत राहिलो. दुपार व्हायच्या आत कळलं, की ऐकू काहीच येत नाही. झाडूवाला आत आला तो आकाशातून पडल्यासारखा. पूर्वी दार कुरकुरलं की म्हातारी उठायची, गजांपाशी यायची आणि सुईसाठी स्वतःहून हात पुढे करायची. त्या आवाजात तिला दोन श्वासांचा वेळ मिळायचा, कोण येतंय ते समजायला आणि मन आवरायला. तेवढाच मी तेल घालून काढून घेतला होता.

रॉकेलने तेल पुसून काढलं, कोरडी चकती घातली, दार पुन्हा रडू लागलं. चौथ्या दिवशी म्हातारी गजांपाशी आली. व्यवस्थापकांनी बिजागरी बिघडवल्याची भरपाई मागितली, ती मात्र मी दिली नाही.

तू मागच्या महिन्यात नातीला बघायला आलास. लेकीने बाळ तुझ्यापुढे धरलं, तू हात पाठीमागे घेतलेस आणि खोकला झालाय म्हणालास. खोकला कसा वाजतो हे मला कळतं, तुला तो नव्हता. चार दिवस राहणार होतास, दुसऱ्याच दिवशी निघालास. लेक मला म्हणाली, काकांना ती आवडली नाही का? मी क्रिकेटवर गेलो. मग तुझं पत्र आलं, की मी तुझ्यासाठी राखून ठेवलेल्या वरच्या खोलीत कायमचं राहायला येणं आता जमणार नाही, तिथे दुसरं कुणी ठेव. ते पत्र खिशात घालून मी बाईंकडे गेलो. आता निवृत्त झाल्या आहेत, बागेत कुंड्या भरत होत्या. एका मित्राचं म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मित्र आहे असं मानूनच उत्तर दिलं. म्हणाल्या, नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू यंत्रालाही सापडेनासा होतो. आणि बाळ मांडीवर घेण्यासाठी तर तेवढीही अट नाही, तसा तो कधी पसरतच नाही. त्यांना सांगा, माकडिणीने हात पुढे केला होता, तुम्ही तर माणूस आहात.

तुलाही तुझ्या डॉक्टरांनी हे कितीदा सांगितलं असेल. पण हात ऐकत नाहीत, मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. दहा वर्षं मी बिजागरीला तेल घालून तुझ्या आयुष्यात आवाज न करता वावरलो आणि त्याला माया म्हणत राहिलो. माझ्या गप्प राहण्याने तू एकटा पडलास. आता दार वाजवून आत येतोय. मला माहीत आहे, आणि मला काही वाटत नाही, फक्त तू इथे नाहीस याचं वाटतं. लेकीला मी काही बोललेलो नाही. सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. वरच्या खोलीच्या दाराला कालच कोरडी बिजागरी बसवली आहे. कुणीही आलं तरी तुला दोन श्वास आधी कळेल. सामान घेऊन ये. गोळ्यांची बाटली खिडकीत ठेव, सगळ्यांच्या देखत. आणि बाळ घे.

तुझ्या वाटेकडे कान लावून बसलेला,
तुझाच
दादा

ता.क. पाकीट शोधत होतो तेव्हा वहिनीने विचारलं, एवढं काय लिहिताय. मी म्हटलं, आहे आमचं भावाभावांचं. तर म्हणाली, "भावजींच्या गोळ्यांचं ना? त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलंय, भाजी निवडताना. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाले होते. आणि तुमची ती बाटली अठ्ठावीस दिवस शर्टाच्या खिशात खुळखुळत होती, ती काय मला ऐकू येत नव्हती?"