रद्दीत सापडलेलं फुकट औषध

माझ्या वहिनीला,

तुला जाऊन दीड महिना झाला. आज राग आवरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. सकाळी पंचवटीच्या फुलबाजारात शेवंतीच्या पुड्या बांधत होते, तर रद्दीतला एक कागद हातात आला. पानभर जाहिरात! वर कुणा साहेबाचा हसरा फोटो आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत, 'स्वाइन फ्लूची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत.' तारीख बघितली. तू आजारी पडायच्या आठ दिवस आधीची!

आपल्या घरी पेपर येतो तो किलोवर, गिऱ्हाइकाला फुलं बांधून द्यायला. हे छापणाऱ्यांना कधी सुचलंच नाही का गं? रिक्षाला भोंगा लावून गावात फिरवला असता तर काय बिघडलं असतं? मतं मागायला बरा फिरतो!

आणि तूसुद्धा! अंगात ताप घेऊन गणपतीचे हार ओवत बसलीस. खोकला आला की विहिरीमागं पळायचीस. "बोलू नको कुठं," मला म्हणालीस, "देवाची फुलं हायेत. मी खोकते कळलं तर कोण घेईल माझ्या हातचा हार? आन् तपासणीचा खर्च आपल्याला झेपायचा नाय." मी गप्प बसले. कशाला ऐकलं मी तुझं?

शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात." औषध तिथंच कपाटात होतं, वहिनी. कपाट भरून!

तुझ्या तेराव्यानंतर गावात स्वाइन फ्लूच्या तपासणीचं शिबिर आलं. बॅनर, चहा, फोटो. मी तिथल्या साहेबांना विचारलं, "आधी का नाही आलात?" तर म्हणे, "योजना होतीच की ताई. लोकच पुढं येत नाहीत." अस्सा संताप आला! तुझं नाव ओठांवर आलं होतं, पण गिळलं. कारण आम्हीही लपवतोच आहोत. तू न्यूमोनियानं गेलीस, असं दादानं बाजारात सांगून ठेवलंय. खरं कळलं तर आपला माल कुणी घेणार नाही, म्हणतो.

पुरे झालं आता. उद्या भर बाजारात उभी राहून सांगणार आहे, माझी वहिनी स्वाइन फ्लूनं गेली, आणि औषध फुकट होतं. दादा ओरडू दे. हार सुकले तर सुकू देत. पण खोकला लपवणारी एक जरी बाई दिसली, तरी तिला दंडाला धरून दवाखान्यात नेईन. तुला वेळेत नेलं नाही, तिला मात्र सोडणार नाही.

तुझी नणंद,
मंदा