फ्रान्सिसचं स्पेलिंग

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. जहाज वेळेवर असेल तर हे पत्र तुला पुढच्या बंदरात मिळेल, असं तुझ्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीची पाठ अधूनमधून धरते, पण ती कुणाचं ऐकते का? वरच्या मजल्यावरचा गळका नळ बदलून घेतला. तुमच्या खोल्या झाडून ठेवल्या आहेत, एकही वस्तू हलवलेली नाही.

तुझ्या सासूबाई सुखरूप पोचल्या. मांडीचं हाड जुळलंय, काठी घेऊन बऱ्यापैकी चालतात. त्या हाडापायी पोरीच्या अंत्यविधीला येता आलं नाही, हे मात्र दारात पाऊल टाकल्या टाकल्या बोलून दाखवलं. राहतात वर, जेवायला खाली. तुझ्या वहिनीचं इंग्रजी म्हणजे 'यस' आणि 'टी'. तेवढ्या भांडवलावर दोघींचं झकास चाललंय. समोरासमोर बसून मटार सोलतात, आपापल्या भाषेत बोलतात, आणि कुणाचंच अडत नाही.

माझं कामही बरं चाललंय. दगड घासायचं नवीन यंत्र घेतलं. आवाज फार करतं, पण हात वाचतात.

एवढं लिहिलं आणि तासभर नुसता बसून राहिलो. आता लिहायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा खरं काय ते लिहितो.

परवा सासूबाईंना कबरीवरचा दगड दाखवायला घेऊन गेलो. खरं सांगू? मिरवायलाच घेऊन गेलो होतो. वाटेत त्यांना सांगत होतो, दगड मी स्वतः निवडला, पॉलिश हाताने केलं, अक्षरं मशीनवर नाही, छिन्नीने काढली. त्या मान हलवत होत्या. तिथे पोचल्यावर वाकून वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, "हा कोण?"

मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "तुमची मुलगी."

"नाही. हे पुरुषाचं नाव आहे."

शेजारच्या बाकावर बसून त्यांनी काठीच्या टोकाने मातीत दोन अक्षरं काढून दाखवली. फ्रान्सिस म्हणायचं दोन्हीकडे सारखंच. पण बाईचं नाव असेल तर शेवटच्या 'एस'च्या आधी 'ई' येतो आणि पुरुषाचं असेल तर 'आय'. "'हर'मधला ई, 'हिम'मधला आय. लहानपणापासून ती भेटेल त्याला हेच सांगायची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही सांगितलं?"

सांगितलं होतं रे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. तू जहाजावर गेला होतास. ती जेवायला खाली आली आणि एकेकाला त्याच्या नावाचा अर्थ विचारत बसली. मग आपल्या नावाचं सांगू लागली. हर, हिम, असं काहीतरी बोलून हसली. मी 'हो, हो' म्हटलं आणि मीठ मागितलं.

दगड करायची वेळ आली तेव्हा तुला एका ओळीत विचारता आलं असतं. पण दहा-अकरा वर्षं एका छपराखाली राहिलेल्या भावजयीचं नाव कसं लिहितात, हे तुला कोणत्या तोंडाने विचारणार? तुझ्या वहिनीला विचारलं, तिलाही येत नव्हतं. गेल्या वर्षी एका पाद्रीबुवांचा दगड केला होता, तेही फ्रान्सिसच. त्यांचं नाव जसंच्या तसं उतरवलं. आयुष्यभर लोकांची नावं कोरून पोट भरलं, आणि घरच्या माणसाला परक्या पुरुषाचं नाव दिलं.

आणि तू. दगड बसवला त्या दिवशी तू अक्षरांवरून बोट फिरवलंस. एका जागी थांबलास. मग म्हणालास, "छान झालंय, दादा." मी ते चार लोकांना सांगितलं, की धाकट्याला दगड फार आवडला. तुला तेव्हाच दिसलं होतं ना? तिथेच माझ्यावर ओरडला असतास तर बरं झालं असतं.

इथपर्यंतचं एकवेळ चूक म्हणून खपलं असतं. पुढचं खपणारं नाही.

परतीच्या वाटेवर सासूबाई त्या नावाबद्दलच बोलत होत्या. फ्रँक नावाचे लोक होते कुठल्या काळी, त्यांच्यावरून ते आलं. पुढे त्या शब्दाचा अर्थ 'मोकळा' असा झाला. त्यांच्या आईचं नाव फ्रान्सिस, म्हणून लेकीचं तेच ठेवलं. "हिला शोभलंही," त्या म्हणाल्या, "पाण्यात सोडलं की कुणाच्या हाती लागायची नाही." म्हणूनच तिने पोहायला शिकवायचं काम धरलं असणार. घरी आलो. तुझी वहिनी चहा देत होती. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही घरात तिला काय म्हणायचात?"

मी म्हणालो, "नावानेच."

तुझ्या वहिनीला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. स्वयंपाकघरात गाठून तिने विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्यासमोर खोटं बोललात? आत्ता जाऊन खरं सांगा. मला भाषा येत असती तर मीच सांगितलं असतं."

त्या दिवशी माझ्याच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. आम्ही तिला 'पाहुणी' म्हणायचो. पहिल्या दिवशी मी चेष्टेने म्हटलं आणि तेच पडलं. 'पाहुणी जेवली का?' 'पाहुणीचं पत्र आलंय.' तापाने फणफणली होती, तेव्हाही 'पाहुणीला औषध दिलं का?' तू घरी असलास की आम्ही जपून बोलायचो. म्हणजे वाईट आहे हे कळत होतं.

सासूबाईंनी अर्थ विचारला. मी सांगितला. तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तिने कळवलं होतं, सासरी मला खास नाव ठेवलंय. खूश होती. नंतर मी फोनवर अर्थ विचारला, तर विषय बदलला."

म्हणजे तिला कळलं होतं. कळूनही ती रोज खाली येत राहिली, तुझ्या वहिनीला भांडी घासू लागली, माझ्या डोळ्यांत दगडाची कच गेली की चिमटीने काढत राहिली.

मी सासूबाईंना म्हटलं, नवीन दगड घडवतो, महिन्याभरात बसवतो, कुणाला कळणारही नाही. त्या म्हणाल्या, "कळू दे की. शाळेतही तिचं नाव मुलांच्यात टाकलं होतं. ती पेन घेऊन स्वतः त्या आयला तीन रेघा मारायची आणि ई करायची. तसंच करा."

धाकट्या, मोठ्या लिपीतल्या आयचा ई होतो, तीन आडव्या रेघांचं काम आहे. पण मी जागा सोडली होती आयपुरती. ई दाटीवाटीने बसेल, पुढच्या एसला टेकेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल की आधी चुकलं होतं, मग दुरुस्त केलं. नव्या दगडाने माझी लाज झाकली जाईल, रेघांनी नाही. म्हणून मलाही आता रेघाच बऱ्या वाटतात. पण ती तुझी बायको. तू म्हणशील तसं होईल.

रेघा म्हणालास तर तू येईपर्यंत मी दगडाला हात लावणार नाही. सासूबाईही तोवर थांबणार आहेत. आपण तिघं जाऊ, तुझी वहिनीही येते म्हणतेय. ते अक्षर आधी खडूने तू काढ. मी त्यावरून छिन्नी चालवीन.

माफी मागायची ती तिच्याकडे मागायला हवी होती. तुझ्याकडे फक्त उत्तर मागतो.

तुझा दादा,
आणि उशिरा का होईना, फ्रान्सिसचा थोरला दीर