जबड्यात न बसलेली पिन

आबा, परवा सकाळी माझ्या डोळ्यांदेखत घराएवढा ट्रेलर ट्रकवर कोसळला. कुणाला लागलं नाही, हे आधी सांगतो. तुमची नात, माझी लेक, इथे अमेरिकेत नर्स आहे. तीन महिने या गावच्या हॉस्पिटलात, तीन महिने दुसऱ्या, असं काम तिनं धरलंय. नेपरव्हिलचं भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं त्या चाकांवरच्या घरात राहणार होतो. पिकअप ट्रकच्या हौद्यात लोखंडी जोडणी बसवतात, तिला हिच म्हणतात, आणि ट्रेलरच्या पुढच्या पोटाखालची मनगटाएवढी पिन तिच्यात अडकवतात. सगळी ओढ त्या एका पिनेवर. हे कळल्यापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

तिच्या ट्रकचा हौदा आखूड. वळताना ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेत घुसू शकतो, म्हणून दुकानातल्या बाईनं आखूड हौद्याला चालतील अशा दोनच हिच दाखवल्या. एकीत गोळ्यावर वाटी बसते, दुसरीत दोन जबडे पिनेला आवळतात. लेकीला गोळ्याची हवी होती, उचलायला हलकी म्हणून. मी जबड्यांचा हट्ट धरला. ते जबडे मला ओळखीचे वाटले. भुसावळच्या रेल्वे यार्डात तुम्ही डबे जोडायचात, ते कपलिंगही असंच, दोन मुठी एकमेकींत अडकवल्यासारखं. लेक हसली. म्हणाली, "ओके बाबा, रेल्वेवाल्यांची पोरं तुम्ही. तुम्ही म्हणाल ती."

परवा ती ट्रक मागे घेते, मी वाकून बघतो. खट्ट आवाज येतो, हिचचा दांडा जागेवर येतो. ती खिडकीतून विचारते, लॉक झालं ना? मी झालं म्हणतो. ट्रेलर ज्यांवर टेकून उभा असतो ते पुढचे पाय ती वर घेते, ट्रक थोडा पुढे नेते आणि पिन सुटते. हौद्याच्या दोन्ही कडा पत्र्याच्या डब्यासारख्या चेपल्या. मी मटकन खाली बसलो. तिनं ट्रककडे बघितलंसुद्धा नाही, आधी माझी नाडी धरली. शेजारचा गोरा म्हातारा आला, त्यानं सगळं वाकून पाहिलं. ट्रेलर जरा उंच राहिला होता, त्यामुळे पिन जबड्यांच्या आत न उतरता वरच टेकली होती. बघणाऱ्याला लागलेलीच दिसते, म्हणाला. पाय उचलण्याआधी एक हिसका देऊन बघायचा असतो. लेक मला हे मराठीत सांगत होती आणि मी एकच घोकत होतो, "अगं, खटका ऐकला मी. डोळ्यांनी पाहिलं."

बोललो आणि मग ओळखलं. हे तुमचे शब्द, आबा. यार्डात तुम्ही जोडलेले डबे सुटून घरंगळले आणि रुळाच्या टोकाला जाऊन आदळले, त्या दिवशी तुम्ही चुलीपाशी उभे राहून हेच म्हणत होतात. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तुम्ही घेतला नाहीत. मी नववीत होतो. वाड्यापाड्यावरची माणसं म्हणाली, प्यायला असेल. तुम्ही थेंबाला शिवत नव्हतात, हे मला ठाऊक होतं, तरी मी मान खाली घालून भाकरी खात राहिलो. पुढे तुम्हाला यार्डातून काढून प्लॅटफॉर्म झाडायला लावलं. मला त्या झाडूची लाज वाटायची. शाळा सोडली ती त्यामुळेच.

लेकीनं मात्र मला दोष दिला नाही. "बाबा, मलापण लॉकच दिसलं होतं. तुम्ही खोटं कशाला बोलाल?" एवढं म्हणून चहा ठेवला. पहिली वाकली, म्हणून आता पुन्हा हिच घ्यायची आहे आणि पुन्हा म्हणते, तुम्हीच निवडा. दोन्हींचे फोटो समोर आहेत. मला धीर होत नाही.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहितो. त्या डब्यांच्या चौकशीतला तुमचा जबाब मी लिहिला होता, घरात लिहिता येणारा मी एकटाच. तुम्ही सांगितलंत, "पाहिलं होतं, असं लिही." मला वाटलं, माफी मागितली तर साहेब सोडतील. मी लिहिलं, 'मी पाहिलं नाही, माझी चूक झाली.' तुम्ही वाचून दाखव म्हणालात, तेव्हा मी तुम्ही सांगितलेलंच वाचलं. तुम्ही मान हलवलीत आणि त्याखाली अंगठा उठवलात.