दिग्गीचा राखण्या मृगाआधी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
फिरते वस्तुप्रदर्शन कचेरी,
मुक्काम धारवाड.

अर्जदार : परशू लाडू वेळीप, हंगामी प्रचारक, राहणार दिग्गी, पेटा सुपा, जिल्हा कारवार.

विषय : प्रदर्शनासाठी नेलेला गावचा देव पेरणीपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ता. १८ एप्रिल १९५५.

महोदय,

अर्जदार हात जोडून कळवतो ते येणेप्रमाणे.

१. यंदा माघात उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या घाटावरच्या मंडळींना राज्याच्या संग्रहालयातील वस्तू पाहण्यास वळवावे, या कामी आपण अर्जदारास नेमले. सुप्यापुढे जेथे बैल सोडतात तेथे आपला तंबू होता. अर्जदाराने कानडीत आणि मराठीत घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पहिल्या तीन दिवसांत अकरा माणसे आत आली. पैकी चौघे सावलीला, दोघे चुकलेला बैल शोधायला आणि एक बाई मूल निजवायला. उरलेल्या चौघांनी मडकी पाहून, आमच्या घरी याहून बरी आहेत, असे सांगितले. आपण तंबू उचलण्याची भाषा केली.

२. जत्रेला निघालेला माणूस मडक्यासाठी गाडीतून उतरत नाही, देवासाठी उतरतो, हे अर्जदाराच्या ध्यानात आले. त्याने गावात शब्द टाकला. दिग्गीच्या शिवेवर फणसाच्या लाकडाचा राखण्या देव आहे. डुकरे आणि गवे यांपासून तो शेते राखतो. गावाने त्याच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार. अर्जदाराने त्याला खांद्यावरून आणला. पुढच्या पाच दिवसांत दोन हजार तीनशे चाळीस माणसे आली, आपण देवापुढे लावलेल्या क्रमांकाच्या पाटीलाही कुंकू लागले, आणि आपण अर्जदाराची पाठ थोपटली.

३. घोटाळा झाला तो फॉर्मात. 'वस्तू किती मुदतीसाठी' असा त्यात रकाना होता. देवाला तारीख घालून देणे गावाला मानवेना. पुजारी कान्हू म्हणाला, "लिव्ह, देवाची मर्जी हाय तवर." अर्जदाराने तसेच लिहिले. जत्रा उलगली, गाड्या परतल्या, तंबू उठला, आणि राखण्या खोक्यात बसून धारवाडास गेला.

४. आता आपण कळवता की, फॉर्मानुसार देवाची मर्जी संपल्याचे लेखी आल्याखेरीज वस्तू परत देता येत नाही. महोदय, देवाची मर्जी कौलानेच कळते, आणि कौल त्याच्याच अंगावर लावावा लागतो. कान्हूने रिकाम्या चौथऱ्याला पाकळ्या लावून पाहिल्या. वाऱ्याने दोन्ही एकदम उडाल्या. तो कौल कोणी धरला नाही.

५. दरम्यान लावणीसाठी पुरलेले कणगराचे कंद डुकरांनी उकरले. गावाने ठरवले की, ज्याने देव नेला त्याने देवाच्या जागी बसावे. गेले सोळा दिवस अर्जदार चौथऱ्यावर आहे. पत्नी फुला पेज तेथेच आणून देते. आधी बायामाणसे जाता-येता थट्टा करीत. मग गावातला लखू आपली अडलेली म्हैस घेऊन आला आणि त्याने खरोखरीच गाऱ्हाणे घातले. म्हैस सुखरूप व्याली, त्यामुळे अर्जदाराची अडचण वाढली आहे. डुकरे मात्र त्याला मानत नाहीत. तुळजामावशी, गावात सर्वांत थोर, तिने गाऱ्हाणे घातले नाही. एवढेच म्हणाली, "परशू, त्येला पावना म्हणून धाडला व्हता. लेक दिल्यागत दिला न्हवता."

६. मृगाला महिना उरला. राखण्याला पहिली मूठ दाखवल्याशिवाय दिग्गीत भात पेरत नाहीत. एकोणतीस घरांचे बियाणे कणगीत तसेच आहे. पेरा चुकला तर वर्षाची पेज चुकली. सबब, कान्हूसह अर्जदारास आपल्या दालनात येऊ द्यावे, आपल्यासमक्ष, गावी परततोस का असे विचारून, देवाच्या अंगावर पाकळ्या लावू द्याव्यात, आणि पडेल ती पाकळी आपण लेखी नोंदवून घ्यावी. उजवी पडली तर देव त्याच दिवशी अर्जदाराच्या खांद्यावर द्यावा. डावी पडली तर गाव पुन्हा मागणार नाही. मात्र मग अर्जदारासही देवाशेजारी ठेवून घ्यावे. रिकाम्या खांद्याने दिग्गीची वाट चढणे त्याच्याने होणार नाही. क्रमांक आपण द्याल तो.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
परशू लाडू वेळीप

दिग्गी, ता. ६ मे १९५५

सोबत :
फॉर्मची नक्कल.
अठ्ठावीस घरांचे अंगठे. (एकोणतिसावे घर अर्जदाराचे, त्याची सही वर आहेच.)