गुलाबी हाड

दि. १४, मंगळवार

चि. बयेस,
तुझ्या बापाचे भरघोस आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते त्यांचं कामच आहे. तुझं हवामान केंद्र जागच्या जागी आहे ना, की वाऱ्याने उडालं? पंधरा दिवसांनी एक बोट, मध्ये ना फोन ना काही. असल्या बेटावर पाठवायला माझीच पोरगी सापडली त्यांना. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तुझी चौकशी करत होत्या. गेल्या आठवड्यात चार कवळ्या झाल्या, त्यातली एक हेडमास्तरांची. आता पोरांवर ओरडताना त्यांचे दात बाहेर येणार नाहीत.

आता तुझा पैलवान.

तू लिहून दिलेला कागद फ्रीजवर चिकटवलेला आहे. नखाने दाबल्यावर खूण उमटेल इतपतच कडक वस्तू चावायला द्यायची, तोंडात पूर्ण मावेल अशी द्यायची नाही, झिजून लहान झाली की काढून घ्यायची, शिजवलेलं हाड दाखवायचंसुद्धा नाही. सगळं पाठ आहे. पण बये, तुझ्या कुत्र्याचा जबडा आहे की पक्कड? दुकानदाराने ‘आजोबा, वर्षभर बघायला नको’ म्हणून दिलेल्या रबरी खेळण्याचा दोन दिवसांत चुरा झाला. चामड्याची पट्टी दुपारच्या चहापर्यंत टिकली नाही. दोरीचे धागे गिळायला लागला, म्हणून ती मीच फेकली. चावायला काही नसलं की दाराशी बसून कुंई कुंई करतो. तू गेलीस त्याच दाराशी.

मग मला अक्कल सुचली. माणसांना चाळीस वर्षं दात करून देतोय, एका कुत्र्याला हाड करून देता येऊ नये? मेण मऊ करून त्याच्या जबड्याचं माप घेतलं. पठ्ठ्या आ करून उभा राहिला, जरा म्हणून हलला नाही. माझी गिऱ्हाइकंसुद्धा माझ्यावर एवढा विश्वास ठेवत नाहीत. ज्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या हिरड्या बनवतो, त्याचंच वीतभर हाड ओतलं आणि घासून गुळगुळीत केलं. नखाची परीक्षाही घेतली. खूण उमटली. उमटणारच, तेच अ‍ॅक्रिलिक खरवडून खरवडून माझ्या नखांच्या पटाशा झाल्यात. हे लक्षात आलं नव्हतं, असं मी आज सकाळपर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

आठ दिवस घरात शांतता होती. तू त्याला पैसे भरून श्वानगृहात ठेवणार होतीस आणि मी रुसून बसलो होतो, आठवतं? बघ, म्हणून फुशारकी मारणारं पत्र मी मनात जुळवूनही ठेवलं होतं.

रविवारी त्याने ताटलीला तोंड लावलं नाही. सोमवारी पाणीही उलटून टाकायला लागला, तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात आणला. हाड मी करून दिलंय आणि त्याचं टोक तुटलंय, एवढं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. दिसणार नव्हतंच. आमचं अ‍ॅक्रिलिक एक्स-रेत दिसत नाही, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

“काका, आतडं फुगलंय, पण कशाने ते कळत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हातारा कुत्रा, त्यात हृदय कमजोर. उगाच कापायचं नाहीये मला. हाडाचा तुकडा आत गेलाय, हे नक्की का?”

“घरातच कुठेतरी पडला असेल हो,” मी म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो.

बये, तुकडा गुरुवारीच निघाला होता. हाडाचं टोक बोटाच्या पेराएवढं तुटलेलं मी पाहिलं. शोधलं नाही. कपाटाखाली वाकून पाहिलं असतं आणि तिथे सापडला नसता, तर तो कुठे आहे ते कबूल करावं लागलं असतं. मी तुटकी कड घासली, पुन्हा चकचकीत केली आणि हाड त्याला परत दिलं. तो कुंई कुंई करत होता. आणि खरं सांगायचं तर माझं काम इतकं सुरेख जमलं होतं की ते कचऱ्यात टाकवेना.

काल संध्याकाळी शिंपीणबाईंच्या मदतीने एकूण एक कपाट ओढलं. तुकडा नाही.

आज सकाळी जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. “काल सांगायचं होतंत, काका,” एवढंच म्हणाल्या आणि ऑपरेशनचा कागद पुढे केला. मालकाच्या जागी मी सही केली. त्याला आत नेऊन अर्धा तास झाला. शेपूट हलवत गेला, वेड्याला वाटलं फिरायला चाललोय. मी बाहेर बाकावर बसून लिहितोय. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लावून घे.

कोपऱ्यावरची टपालपेटी आता उघडतील. आजची बोट चुकली तर थेट पंधरा दिवसांनी. मघाशी वाटलं, थांबावं. काय होतंय ते कळू दे, पोरीला तिथे एकटीला घोर कशाला लावायचा? पण मी स्वतःला ओळखून आहे. तो गेला, तर पुढच्या बोटीने मी लिहीन की वयाने गेला, झोपेत गेला, काही त्रास झाला नाही. आणि तू ते खरं मानशील. म्हणून आतलं काही कळायच्या आधीच हे पाकीट पेटीत टाकतोय. पंधरा दिवस तुझ्या जिवाला चैन पडणार नाही, तेही माझ्यामुळेच.

ज्याच्या भरवशावर त्याला सोडून गेलीस, तो
बाबा