चार पुड्या, एक विहीर

शनिवार, १९ एप्रिल

शाळा सुटली. आता २३ जूनपर्यंत मलकापूरच्या या अंगणात चिमण्या आणि गणपत शिपाई.

शेवटचा तास मीच घेतला. सगळ्या इयत्ता एकत्र ओसरीवर. परीक्षेबद्दल एक शब्द नाही. सगळा तास पाण्यावर आणि जेवणावर. पाणी गाळून, उकळून, झाकून. लग्नाच्या पंगतीत ताक आणि कापलेली फळे नकोत. देवी टोचलेला दंड खाजवायचा नाही. दुपारी डोक्याला ओले फडके. एकेकीकडून म्हणवून घेतले. दुसरीतली एक चिमुरडी उभी राहिली, "बाई, नवरीनं बी ताक नाही प्याचं काय?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी म्हटले, नवरीने तर मुळीच नाही.

बाहेरगावच्या प्रत्येक मुलीला लाल औषधाची एकेक पुडी दिली. एका विहिरीला एक पुडी. संध्याकाळी गावाचे पाणी भरून झाले की बादलीत विरघळवून विहिरीत सोडायची, सकाळपर्यंत रंग जवळजवळ जातो. बजावून सांगितले: घरी विचारत बसू नका. विचारले की आजी नाही म्हणते, आजी नाही म्हणाली की वडील नाही म्हणतात. जायचे, टाकायचे, गप्प राहायचे.

सहशिक्षिका दुर्गाबाई पुड्या बांधू लागल्या होत्या. तिशीच्या आहेत, धीराने बोलतात. म्हणाल्या, "बाई, मोठ्या माणसांना न सांगता?"

"मोठ्या माणसांना सांगण्यात माझी तीस वर्षे गेली."

त्या हसल्या. मी हसले नाही.


बुधवार, २३ एप्रिल

बसवत नाही. शाळेचा रांजण घासून घेतला. गणपत म्हणाला, "बाई, पोरीच नाहीत तं रांजन कोनासाठी?" पुन्हा घासायला लावला.

संध्याकाळी गावातल्या मुलींच्या घरांवरून चक्कर. एकीची आई मला येताना पाहून लगबगीने भाकरीच्या टोपलीवर पदर टाकून बसली. भीतीने का होईना, झाकले. मला तेवढे पुरते.


रविवार, २७ एप्रिल

गणपतने स्टेशनवरून बातमी आणली. नदीकाठच्या दोन गावांत पटकी, जुलाब-उलट्यांची साथ. लग्नसराई ऐन भरात, गाड्या भरभरून माणसे इकडची तिकडे.

दिवसभर कार्डे लिहिली. दु.नी निम्मी लिहिली. सर्वांना एकच मजकूर: पाणी उकळा, पुडी वापरली नसेल तर वापरा.

सुभद्रेला दोन ओळी जास्त. यंदा सातवीत गेलेली, सर्वांत हुशार मुलगी. गाव धामणगाव बढे, शाळेसाठी इथे मामाकडे राहते. वडील माणिकराव पाटील, जमीनजुमल्याचे माणूस, शब्दाचे पक्के. पुढच्या वर्षी तिची सातवीची फायनल परीक्षा. ती पास झाली की तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायचे हे मी मनात ठरवून टाकले आहे. तिच्या जागी मी स्वतःलाच पाहते, असे दु. म्हणतात. खोटे. मी इतकी शांत कधीच नव्हते.


शुक्रवार, २ मे

सुभद्रेचे कार्ड आले. अक्षर नेहमीचे, ओळी मात्र उतरत्या. जसेच्या तसे उतरवून ठेवते:

"ती. बाईंस सा. न. आमच्या गावात आपल्या शाळेच्या आम्ही चौघी. चुलतबहिणीचे लग्न होते. वऱ्हाडी येणार म्हणून मी आदल्या संध्याकाळी पुडी विहिरीत टाकली. बाकी तिघींनीही तोच विचार करून त्याच संध्याकाळी आपापली टाकली. आपण गप्प राहा म्हणाला होता म्हणून कुणी कुणाला बोललो नाही. सकाळी विहीर लाल. वऱ्हाडाने पाणी पाहिले व शिवले नाही. गावाने विहिरीवर काटे टाकले. आता सगळे नाल्यातल्या झिऱ्याचे पाणी पितात. महारवाड्यातला किसन डफडे घेऊन विहिरीजवळून जाताना दिसला, त्याने विष टाकले असे लोक म्हणतात. त्याला पोलिसात देणार आहेत. आम्ही चौघींनी काल एकमेकींना विचारले तेव्हा सगळे कळले. बाई, मी घरी सांगू का?"

मी मुली मोजल्या. विहिरी मोजल्या नाहीत.

एका गावात आमच्या चार मुली, आणि त्या गावाला पिण्याची विहीर एक. हे मला ठाऊक होते. चारही नावे माझ्याच पटावर आहेत.

आणि नाल्यातला झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यातच गुरे, त्यातच धुणी. चांगली विहीर मी बंद करवली आणि गावाला त्या खड्ड्यावर पाठवले.


शनिवार, ३ मे

माणिकरावांना पत्र लिहायला बसले. तीनदा फाडले. प्रत्येक वेळी आपोआप "औषध जास्त पडले" असे लिहिले गेले. जणू ते ढगातून पडले.

दु. आल्या. कार्ड वाचले. "मी सांगितले होते" असे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता आले असते.

"मी येऊ बरोबर?"

"नको."

सुभद्रेला उलट टपाली लिहिले, काही बोलू नकोस, मी येते. पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन. तरी टाकले.


सोमवार, ५ मे. धामणगाव बढे

मोताळ्यापर्यंत मोटार, पुढे बैलांची दमणी. चाकावर पाय ठेवून उतरताना घोटा मुरगळला. लंगडतच माणिकरावांच्या ओसरीवर गेले.

विहीर आधी पाहून आले होते. बाभळीच्या फांद्या बाजूला करून आत वाकून पाहिले. पाणी स्वच्छ. रंग केव्हाच गेलेला. तरी काटे तसेच.

ओसरीवर दहा-बारा माणसे जमली. बायका दाराआड. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा सुभद्रा खांबाजवळ उभी होती. माझ्याकडे पाहत नव्हती. नंतर कळले, तिने आदल्याच दिवशी वडिलांना सगळे सांगून टाकले होते. माझ्या पत्राची वाट पाहिली नाही. माणिकरावांनी ते पोटात ठेवले होते. मुलीचे नाव चावडीवर जाऊ नये म्हणून.

म्हणजे बापाला खरे ठाऊक होते आणि किसन अजून दोषी होता.

मी म्हटले, औषध मी दिले, टाका मी सांगितले, गप्प राहा हेही मीच सांगितले. किसनचा काही संबंध नाही. पटावे म्हणून तांब्याभर पाणी मागितले, बरोबर आणलेली चिमूटभर पूड टाकली. पाणी जांभळेलाल झाले. माणसे पुढे वाकली.

दाराआडून सुभद्रेची आजी ओरडली, "पाहा बे! हेच ते. म्हंजे इहीर या बाईनंच नासवली!"

मी ते पाणी आणखी पाण्यात घालून फिके केले आणि त्यांच्यासमोर प्याले.

"तुमचं काय बाई," एक म्हातारा म्हणाला, "तुमी शिकलेल्या. तुमाले पचते." हशा झाला. मलाही हसू आले असते, पण माणिकराव हसत नव्हते.

ते म्हणाले, "तुमी सांगतलं अन् पोरीनं ऐकलं. बापाले इच्यारलं नाही. माह्या घरात कोनाचं ऐकाचं? माहं, का शायेतल्या बाईचं?"

मी म्हटले, चूक तिची नाही.

"चूक नाही इच्यारत मी. कोनाचं ऐकाचं ते इच्यारतो."

मी तांब्या खाली ठेवला.

"आता राहू द्या तिले घरीच," ते शेवटी म्हणाले. "झालं शिक्शन."

सुभद्रा आत गेली. काटे मात्र संध्याकाळपर्यंत निघाले. पहिली घागर माणिकरावांनी स्वतः ओढली. आजीने त्या घागरीला हात लावला नाही.


मंगळवार, ६ मे

निघण्यापूर्वी किसनकडे गेले. माणिकरावांच्या घरातले कोणी म्हणाले, "तिकडं काऊन?" मी चालत राहिले.

पन्नाशीचा माणूस. दाराशी डफड्याला कातडे ताणत बसला होता. उठून उभा राहिला. मी म्हटले, माझ्यामुळे तुमच्यावर आळ आला. माफी मागायला आले.

"आमच्यावर येतेच बाई. या खेपेस उतरला तरी." मग जरा थांबून, "पोलीस पाटलानं दोन दिवस बसवून ठेवलं. लगनाची बिदागी गेली. जाऊ द्या."

"आता विहीर उघडली आहे."

"गावाची उघडली. आमी पयलेपासून झिऱ्याचंच पेऊन राह्यलो. तुमच्या पुडीत आमच्यासाठी काही होतं काय?"

रागाने नाही विचारले. खरेच विचारले.

नव्हते. महारवाड्यातली एकही मुलगी माझ्या शाळेत नाही, म्हणून तिथे पुडी नाही. जवळ उरलेली पूड त्याच्या बायकोला दिली, घागरीला दोन दाणे, जास्त नाही, असे तीनदा म्हणवून घेतले. तिने तीनदा म्हटले. मग म्हणाली, "बाई, ध्यानात राह्यलं आता. उन्हं चढून राह्यली, निंगा."

सुभद्रा निरोपाला आली नाही. येऊ दिली नसेल. किंवा तिलाच यायचे नसेल.


मंगळवार, १३ मे

सुभद्रेच्या मामाकडून कळले. धामणगावात पाच-सहा माणसे आजारी. त्यात सुभद्रेची आजी. आजी वाचली. वऱ्हाडातला एक माणूस आपल्या गावी परत गेल्यावर वारला. झिऱ्याचे पाणी, पंगत, वाटेतली दुसरी कुठली विहीर, कोण सांगणार? दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, काहीही असू शकेल. मला दिलासा म्हणून म्हणाले. 'काहीही'मध्ये मी प्यायला लावलेला झिराही आला.

त्यांच्याकडून धामणगावला माणूस आणि औषध पाठवण्याचे कबूल करून घेतले. ते उद्या म्हणाले. मी उठले नाही, तेव्हा आज म्हणाले.


गुरुवार, २९ मे

धामणगावहून परतल्यापासून सुभद्रेला हे तिसरे कार्ड. उत्तर नाही.

घोटा बरा. चालता येते, म्हणून चालत राहते. दु. म्हणतात, चार दिवस कुठे जाऊन या. कुठे?


रविवार, ८ जून

नवी वही केली. मुलींच्या नावांची नाही, गावांची. प्रत्येक गावात पिण्याच्या विहिरी किती, कोणती कुणाला चालते, कुणाला चालत नाही, नदी किती लांब. गणपतला आसपासची सगळी गावे ठाऊक. सांगताना प्रत्येक गावाला "अन् महारवाडा येगळा" म्हणतो. आठव्या गावाला मी पेन ठेवून दिले. मग पुन्हा उचलले.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलवायचे, आधी त्यांना सांगायचे. दु.ना हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "आज्यांनाही." ठीक. आज्यांनाही.


सोमवार, २३ जून

शाळा उघडली. एक मुलगी कमी होईल की काय या धास्तीने पट वाचला. सुट्टीत आमची एकही दगावली नाही. ही मोठी गोष्ट. धामणगावच्या तिघी आल्या. सुभद्रा नाही.

दुपारी माणिकराव आले. बियाण्यासाठी बाजारात आले होते. जोडे पायरीखाली, खुर्चीवर बसले नाहीत.

"सुभद्रा?"

"बरी हाय."

"शाळा सुरू झाली."

"मालूम हाय." मग म्हणाले, "दवाखान्याचा मानूस आला व्हता. औषध ठेवून गेला. पन इहीर मोजाची, पानी किती ते काढाचं, मंग औषध. गावात ते कोनाले जमत नाही. ती करते. दोर सोडते, हात मोजते, भिंतीवर कोयशानं मांडते. आता बाया तिलेच इच्यारतात. किसन्याच्या लोकायच्या झिऱ्यावरबी गेली. माह्या मायनं, तिच्या आजीनं, लय शिव्या देल्ल्या."

"आणि तुम्ही?"

"मी संग गेलो."

आनंद झाला. दाखवला नाही.

"मंग बाई, आता इथं येऊन ती काय शिकीन? तुमी शिकवलं ते तिले येते. गावाले ती पाह्यजे."

टोमणा नव्हता. हीच अडचण. रागावलेल्या बापांशी कसे बोलायचे मला येते.

फायनलचे सांगितले, ट्रेनिंगचे सांगितले. एका गावाला एक सुभद्रा पुरत नाही, तिने आणखी दहा तयार करायला हव्यात, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मान हलवली नाही.

शेवटी मी म्हटले, "ती काय म्हणते?"

माणिकराव जमिनीकडे पाहू लागले. "इच्यारलं नाही."

मीही विचारलेले नव्हते. तीन कार्डे धाडली, तिन्हींत एकच हुकूम: शाळा उघडताच निघून ये.

"विचारा," मी म्हटले.

"अन् ती येत नाही म्हनली तं?"

"तर तशा तिच्या हातच्या दोन ओळी पाठवा. मी पुन्हा येणार नाही."

"अन् येतो म्हनली तं माय..." जोडे घातले. तीनची मोटार होती.

सातवीच्या पटावरून तिचे नाव काढले नाही. महिनाअखेरपर्यंत ठेवता येते, नियम तसा आहे. नसता तरी ठेवले असते.